गच्चीची किल्ली

घराच्या वाटणीत गच्ची दादाकडे गेली आणि तळमजला माझ्या वाट्याला आला, हे मी अजून विसरलेलो नाही. “तुझं दुकान खालीच आहे, तुला सोयीचं,” म्हणाला होता. काशीत, पंचगंगा घाटामागच्या आमच्या गल्लीत तळमजल्याला ऊन माहीतच नाही. त्यात वहिनीने माकडांचं निमित्त करून गच्चीला कुलूप घातलं.

गेल्या वर्षी मला घाटाच्या पायऱ्या चढवेनात. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व फार कमी आहे, गोळ्या घ्या आणि उन्हात बसा. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तर उन्हाला बंदी केलेली. तरुणपणी मी वीस वर्षं उघड्या घाटावर माळा विकल्या. त्या उन्हाने कपाळावर आलेला डाग त्यांनीच कापून काढला होता. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. किती वेळ चालेल? फक्त हातपाय उघडे ठेवले तर?

“मोलभाव कर रहे हैं क्या?” त्या हसल्या, पण तडजोडीवर उतरल्या. सकाळची वीस मिनिटं, डोक्यावर रुंद टोपी, दुपारचं ऊन अजिबात नाही.

आता किल्ली हवी होती. वहिनी म्हणाली, “भाऊजी, घाटावर आहे की ऊन, फुकट!” घाटावरून परत चढणं मला जमत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी जिना दणाणेपर्यंत ओरडलो. किल्ली मिळाली नाही.

होळीनंतर तिने कुरडया वाळत घातल्या आणि माकडांनी दोन दिवसांत निम्म्या पळवल्या. मी काठी घेऊन वर गेलो.

“राखण करतो. मला वेगळी किल्ली द्या.”

“मग संध्याकाळपर्यंत बसा.”

“दुकान उघडेपर्यंत. वीस मिनिटं उन्हात, बाकी जिन्याच्या सावलीत. पुढे दादा बसेल.”

“आणि कुरडया वाळल्या की किल्ली परत.”

“परत नाही.”

मी जिना उतरू लागलो. कठड्यावर दोन माकडं येऊन बसलीच होती. तिसऱ्या पायरीवर हाक आली.

त्या कुरडया केव्हाच तळून संपल्या. किल्ली माझ्या जानव्याला आहे. वीस मिनिटं चुकवत नाही, एकविसावं घेत नाही.

परवा घाटावरून एका दमात वर आलो. दादा निम्म्या पायऱ्यांवर धापा टाकत बसला होता.

“दादा, ऊन घेत जा!” मी वरून ओरडलो. “किल्ली लागली तर माझ्याकडे माग!”