लातूरकडून, नांदेडविरुद्ध

दहावीपर्यंत मी नांदेडला खो-खो खेळले. आमचे वस्ताद सायकलींचे पंक्चर काढायचे. तोंडात तंबाखू, अंगात भोकं पडलेलं बनियन, गालावर कुठल्याशा मारामारीतला वण. माझे वडील कोर्टात कारकून. ते म्हणायचे, "त्याच्या तोंडाकडं बघ एकदा. अशा माणसाच्या हाताखाली पोरगी द्यायची?"

मी ऐकलं नाही. माझा उजवा गुडघा दुखावला तेव्हा याच माणसाने मला आपल्या घरी नेलं होतं आणि त्यांच्या बायकोने कितीतरी दिवस गरम मिठाच्या पुरचुंडीने शेक दिला होता. वडिलांपेक्षा मी त्यांना जास्त मानायचे.

निकाल लागला आणि वडिलांनी मला डॉक्टर करायला लातूरला नेऊन टाकलं. भूकंपाला तीन-चार वर्षं झाली होती. गल्लोगल्ली ट्यूशनच्या पाट्या लागल्या होत्या. निघताना भेटायला गेले तर वस्ताद म्हणाले, "जा. पण त्यांच्याकडून खेळू नको."

"न्हाई खेळणार," मी म्हणाले.

दिवाळीपर्यंत तग धरला. फिजिक्स, केमिस्ट्री, मेसचं पातळ वरण, पुन्हा फिजिक्स. मग एका संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर गेले आणि खेळले.

तिथले क्रीडाशिक्षक कंत्राटी होते. काळा गॉगल, मानेला पावडर, कडक इस्त्री आणि डावा हात कायम पँटच्या खिशात. आम्ही मुली त्यांना 'हिरो' म्हणायचो. मैदानावर ते कधी स्वतः पळून दाखवायचे नाहीत. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून, असं आमचं ठरलेलं होतं. मी वस्तादांशी त्यांची तुलना करून सगळ्यांत जास्त हसायचे.

विभागीय सामने नेमके नांदेडला आले आणि आमची गाठ माझ्याच जुन्या संघाशी पडली. आदल्या दिवशी सरावात गुडघा सुजला. सर म्हणाले, "तू बाहेर बस."

कॅप्टन हळूच म्हणाली, "तिला तेच पाहिजे, सर. नांदेडची आहे ना."

ते ऐकून मी हट्टाला पेटले. रडले, भांडले. शेवटी सर म्हणाले, "बरं. पण दुखलं की हात वर कर. मी लगेच बाहेर घेतो."

मैदानात उतरले तेव्हा जुन्या मैत्रिणींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पळायला लागले. चांगली पळत होते. एवढ्यात पलीकडून वस्तादांचा आवाज आला, "खांबावर न्या तिला. उजव्या पायावर वळता येत न्हाई तिला."

आवाजात राग नव्हता. आम्हाला शिकवताना असायचा तसाच आवाज. पोरींनी ऐकलं, मला खांबाकडे रेटलं. मी वळले आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं मला ऐकू आलं.

सर धावत आले. मला उचलायला वाकले, पण उचलता येईना. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा डावा हात खिशाबाहेर आला. बोटं आकसलेली, मनगट वाकडं. भूकंपात भिंतीखाली सापडलेला हात. दवाखान्यात हे त्यांनीच सांगितलं, मी विचारल्यावर. त्या भिंतीखाली आणखी कोण होतं, ते मी विचारलं नाही.

वडील आले. माझ्या पायाकडे बघायच्या आधी म्हणाले, "मी सांगत होतो ना, त्याचं तोंड बघ म्हणून." त्यांना एक प्रकारचं समाधान झालेलं दिसत होतं.

लातूरला परतल्यावर हॉस्टेलमध्ये माझ्याशी कुणी बोलेना. मी ठरवून पडले, असं कॅप्टनने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ट्यूशन दुसऱ्या मजल्यावर. मी कठड्याला धरून चढायचे आणि माझ्या संघातल्या मुली बाजूने भराभर वर जायच्या.

जखमी मुलीला खेळवलं म्हणून सरांवर ठपका आला. मी प्राचार्यांकडे जाऊन सांगितलं की हट्ट माझा होता. ते म्हणाले, "त्यानेच पढवून पाठवलं असेल. गॉगल लावून मुलींत मिरवणारा माणूस. दिसतोच तसा." संक्रांतीच्या आत सरांना काढून टाकलं. ते कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी वस्तादांच्या दुकानी गेले. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, घरात चहा सांगितला.

"तुम्ही का सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. "समोरच्या पोरीचं काय दुखतं ते सांगायलाच तर बसतो मी तिथं. तू आमच्याकडून असतीस तर तुला दुसरीचं सांगितलं असतं."

"पण माझा गुडघा."

"हाव. लई वाईट झालं," ते म्हणाले आणि ट्यूब पुसायला लागले. "चहा येऊन राहिला. बस."

मी चहा प्याले. आतून त्यांची बायको आली, तिने माझ्या पायाकडे पाहिलं आणि रिकामा कप घेऊन गेली.