ओढ्याच्या पलीकडची नोकरी

माझ्या मैत्रिणीला नोकरी लागली तेव्हा तिने आनंदाने उडी मारली नाही. तिने आधी विचारलं, "ऑफिस ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

"पलीकडे," मी म्हटलं. "आमच्याच गावात. आबांच्या शेडमध्ये."

"मग गेली," ती म्हणाली आणि हडपसरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा आवळायला लागली.

मला तर नाचावंसं वाटत होतं. शतक संपायला आलं होतं आणि सगळीकडे एकच हाकाटी चालली होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले होते, त्यामुळे दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार म्हणे. ते दुरुस्त करायला माणसं हवी होती, आणि ती पुण्यात होती! कसबा पेठेतल्या एका इंजिनिअर सरांनी हे काम अमेरिकेतून मिळवलं आणि स्वस्तात जागा हवी म्हणून आमच्या गावातली शेड भाड्याने घेतली. त्याआधी तिथे आमचा कांदा असायचा. सरांनी घेतलेल्या परीक्षेत मैत्रीण पहिली आली. मी कशीबशी आत घुसले, पण घुसले. कांद्याच्या वासात बसून मी अमेरिकेचं काम करणार होते!

मैत्रिणीची अडचण वेगळीच होती. ती सिंधमधून आलेली. तिकडे शाळेतून घरी येताना रोज कुणीतरी तिच्या मागे मागे चालायला लागलं, तेव्हा वडिलांनी यात्रेचा व्हिसा काढला, बायको-मुलीला घेतलं, आणि ते तिघं इकडे आले ते परत गेलेच नाहीत. वडील हडपसरच्या बाजारात एका नातेवाइकाच्या कापडदुकानात गिऱ्हाइकांना तागे उलगडून दाखवायचे. आश्रयाला आलेल्यांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. कागदोपत्री ती परदेशी नागरिक. दरवर्षी व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची, अर्ज दिल्लीला जायचा आणि उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला. राहायचं फक्त पुणे शहरात. शहरात खासगी नोकरी करायला कुणाची हरकत नव्हती, पण शहराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी. क्लासची सहल सिंहगडावर गेली तेव्हा आम्ही पिठलं-भाकरी हाणून आलो आणि ती घरी बसली. शहराची हद्द आमच्या गावाच्या ओढ्यापाशी संपायची. ओढ्यावरचा पूल चालायला दोन मिनिटंही लागत नसत.

आणि मग ती बातमी आली! पुण्याच्या आसपासची गावं महापालिकेत घेणार, त्यात आमचंही. पेपर कॅरिअरला लावून मी सायकल अशी दामटली, की पुलावर चेन पडली. तशीच ढकलत तिच्या दारात पोचले आणि खालूनच ओरडले, "अगं, तुला कुठं जायची गरजच नाही. शहरच आमच्याकडे येतंय!"

तिने पेपर दोनदा वाचला. मग माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. तिची आई आतून धावत आली. हे ओरडणं कसलं आहे हे कळेपर्यंत त्या माउलीचा चेहरा पांढरा पडला होता.

घरी मात्र आबा पेटले होते. माझ्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, आणि महापालिकेच्या विरोधात जो मांडव पडला त्यात आबा सगळ्यांत पुढे. "घरपट्टी वाढनार, रानावर आरक्षन पडनार, आन मिळनार काय? कचऱ्याची कुंडी!" असं ते माइकवरून सांगायचे आणि गाव टाळ्या वाजवायचं. मी मांडवात चहा वाटायचे आणि मनातल्या मनात आबांचं म्हणणं कुणी ऐकू नये म्हणून देवाला विनवायचे. मी चक्क घरभेदी झाले होते, आणि त्याची मला जराही लाज वाटत नव्हती.

सर तिची जागा रिकामी ठेवून बसले होते. खरं तर ते कुणासाठी थांबणारे नव्हेत, पण मैत्रिणीने परीक्षेत एक चूक शोधली होती, जी पेपर काढताना त्यांच्याच हातून राहिली होती. त्यामुळे ते म्हणाले, "थांबतो. एवढी डोळस मुलगी पुन्हा मिळायची नाही. पण महापालिकेच्या भरवशावर थांबणारा पुण्यातला पहिला मूर्ख मीच असेन."

सरांना मूर्ख ठरायची वेळ आली नाही. गाव महापालिकेत गेलं. मांडव उतरला आणि पुलाच्या पलीकडे महापालिकेची पाटी लागली. त्याच दिवशी मैत्रिणीचे वडील पेढे घेऊन पुलाच्या तोंडाशी आले. मी म्हटलं, "चला की काका, आता काय, सगळं शहरच." ती तर एक पाय पुढे टाकून उभी होती. पण तिच्या आईने तिचा दंड धरला. "पहले पूछेंगे," ती म्हणाली. त्यांच्या घरात कुठल्याही गोष्टीची सुरुवात याच दोन शब्दांनी व्हायची.

म्हणून आम्ही पेढ्यांचा तोच पुडा घेऊन परदेशी नागरिकांची नोंद होते त्या कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पुडा उघडला, पेढा अर्धा खाल्ला.

"गाव महापालिकेत गेलं. अभिनंदन," ते म्हणाले. "पोलिसांत कुठं गेलंय? तिथं ग्रामीणचंच ठाणं आहे अजून. म्हणजे पाणीपट्टी शहराची आणि चोर ग्रामीण."

"पण साहेब, शहर म्हणजे नेमकं कुठपर्यंत?" मी विचारलं.

"ज्या टेबलावर विचाराल, तिथपर्यंत. या टेबलाचं शहर ओढ्याशी संपतं."

"मग रोज जायची परवानगी द्या."

"लग्नाला मिळते. मयताला मिळते. रोज उठून नोकरीला जायची पद्धत नाही, बाई." मग उरलेला अर्धा पेढा हातात धरून ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "उगाच ओलांडू नका. पुढच्या मुदतवाढीला अडकेल."

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर मला आणखी संताप आला. आम्ही सगळ्यांनी मिळून चुकीच्या हद्दीचा आनंद साजरा केला होता. आणि ती तीन माणसं, जी दार वाजलं तरी दचकायची, तीही आमच्या नादी लागून भाबडेपणाने पेढे वाटत सुटली होती.

परत येताना रिक्षात मैत्रिणीचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. "मला काय चंद्रावर जायचंय? मला पुलापलीकडच्या कांद्याच्या शेडमध्ये जायचंय!" रिक्षावाल्याने दचकून मागे पाहिलं. तिची आई तिचा हात थोपटत राहिली. मी रडले, ती रडली नाही.

घरी येऊन मी आबांसमोर सगळं भडाभडा बोलून टाकलं. आबा हरलेल्या लढाईवर बसून तंबाखू मळत होते. मळता मळता थांबले.

"म्हंजी? माझं रान यांनी एका सहीत शहरात घेतलं, आन ह्या पोरीला त्याच रानात पाय ठिवायचा न्हाय?"

"नाही."

"मंग आमाला कशापायी घेतलं?" आबा उठूनच उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत मांडवातली जुनी चमक आली होती. "वड्याच्या त्या अंगाला आपला गोठा हाय. तो कुनाच्या हद्दीत?"

मी उडालेच! आमचं रान ओढ्याच्या दोन्ही बाजूंना होतं, आणि गोठा हडपसरच्या बाजूला. पणजोबांच्या काळापासून तो तिथेच होता. महापालिका म्हणा, पोलीस म्हणा, कुठल्याही टेबलावर विचारलं तरी तो शहरातच. रोज त्या गोठ्यातलं दूध पिऊन मला हे सुचलं नव्हतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "गोठ्यात सॉफ्टवेअर. वा. म्हशी चुका तपासतील." मग चष्मा घातला. "दसऱ्यापर्यंत इथल्या मशीनला जोडून दाखवा. जोडलं तर नोकरी तिची. नाही तर दुसरी मुलगी घेतो. अमेरिकेला मी म्हशींची कारणं सांगू शकत नाही."

मग जी धावपळ उडाली! म्हशी हलवल्या. त्या रोज संध्याकाळी परत येऊन दारात उभ्या राहायच्या आणि आत शिरायचा हट्ट करायच्या. आबांनी स्वतः चुना मारला. विहिरीच्या मोटरवरून वीज घेतली. गावात घरोघर टीव्हीची केबल टाकणारा जो माणूस होता, त्याला आबांनी बोलावलं आणि शेडपासून गोठ्यापर्यंत वायर न्यायला सांगितलं. तो म्हणाला, "टीव्हीचं बोला. ह्या कामाची वायर बी येगळी, आन मी केलेलं न्हाय." आबा म्हणाले, "मीबी म्हशीबिगर गोठा कधी ठिवला न्हवता." सरांनी मुंबईहून वायर मागवली, आणि तो गडी बाभळीवरून विजेच्या खांबावर, खांबावरून पलीकडच्या आंब्यावर असा ओढा पार करून गेला. महापालिकेत जायला विरोध केलेलं सगळं गाव दोन्ही काठांवर उभं राहून त्याला सूचना देत होतं.

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे अवजारांची पूजा असते. औत, कोयते, मोटर, सगळ्यांना हळद-कुंकू. आबा झेंडूच्या माळा घेऊन शेडमध्ये शिरले, मॉनिटरला माळ घातली आणि सवयीने तांब्यातलं पाणी शिंपडायला हात उचलला. सर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असावेत, "आबा, पाणी नको!"

मग मी शेडमधल्या मशीनसमोर बसले. ती पलीकडे गोठ्यात बसली होती. तिने काहीतरी टाइप करून पाठवायचं आणि ते माझ्याकडे दिसायचं, एवढंच ठरलं होतं. पाठवल्याचा हात तिने दारातून हलवला. माझ्या पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा हात. पुन्हा काही नाही. सर घड्याळाकडे पाहायला लागले. तेवढ्यात केबलवाला "आंब्यावरचा जोड सैल हाय" म्हणत पळाला, पॅंट वर करून ओढ्यात उतरला, झाडावर चढला.

आणि पडद्यावर अक्षरं उमटली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं: मी आले.

मी किंचाळले! खुर्ची पाडून बाहेर पळाले. ओढ्याच्या काठाशी पोचले तर पलीकडून तीही धावत येत होती. मधे पाणी आणि दोन्ही बाजूंना आम्ही, वेड्यासारख्या हात हलवत, काय ओरडत होतो कुणास ठाऊक. सर मागून सावकाश आले. "उद्या नऊला," त्यांनी पलीकडे पाहून हाक दिली. "उशीर चालणार नाही." तिने तिथूनच वाकून नमस्कार केला. सर लगबगीने वळून आत गेले.

संध्याकाळी सीमोल्लंघन. आमच्या गावची पालखी दसऱ्याला ढोल वाजवत ओढ्यातून पलीकडे जाते, तिथल्या आपट्याची पूजा होते, लोक सोनं म्हणून त्याची पानं लुटतात आणि परततात. परतलेल्या माणसांना बायका दारात ओवाळतात, कारण ती सीमा ओलांडून सुखरूप घरी आलेली असतात. त्या वर्षी काही पोरांनी वाद काढला की ओढा आता शीव राहिलाच नाही, तर ओलांडायचं कशाला. आबा म्हणाले, "देवाची शीव म्हापालिका ठरिवनार का?" आणि पालखी निघाली.

निघताना त्यांनी आईला औक्षणाचं ताट बरोबर घ्यायला लावलं. आई म्हणाली, "अहो, ओवाळायचं असतं ते परत आल्यावर." आबा म्हणाले, "यंदा तिकडं." आई काही न समजता पदराने निरांजन जपत पुलावरून आली.

आपटा गोठ्याच्या बाजूलाच आहे. मैत्रीण आणि तिचे आई-वडील भिंतीला लागून, गर्दीच्या बाहेर उभे होते. पूजा झाली. लोक आबांना ओवाळून घ्यायला पुढे करू लागले, कारण पुढारी तेच. आबांचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. त्यांनी ढोल थांबवायला लावला.

"आमी गुडघाभर पान्यातनं आलो, आमचं कसलं आलंय सीमोल्लंघन," ते म्हणाले. "सीमा वलांडली ह्यांनी. पोरीला घिऊन. आन इकतं दिस झालं, ह्यांना कुनी ओवाळलंच न्हाय."

मैत्रिणीचे वडील गोंधळून डोक्यावर रुमाल टाकायला लागले. माझ्या आईने आधी त्यांना ओवाळलं, मग मैत्रिणीला. मला हसू आवरत नव्हतं. मग आईने मैत्रिणीच्या आईच्या कपाळावर कुंकू लावलं. तिने माझ्या आईचं मनगट घट्ट धरलं आणि तोडक्यामोडक्या मराठीत, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "ताई, हे कुठे कळवावं लागेल का?"

व्हिसा, मुदत, परवानगी, माझ्या आईला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कळवायचं काय त्यात? घरी आलेल्या माणसाला ओवाळतातच की."