सुट्टीवर आलेली पुतणी

आमचे आप्पा कुणालाही भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असे, "तुमची लेकरं कुठं असतात?" समोरचा पुण्याला म्हणो, लातूरला म्हणो, आप्पा मान हलवत आणि थांबून राहत. माणूस रीतीचा असेल तर उलट विचारायचा, "आन तुमची?" मग त्यांचा चेहरा उजळायचा. "आमची पुतणी अमेरिकेला असते. कॉम्प्युटरची इंजिनिअर हाय." कुणी उलट विचारलंच नाही, तर थोडी वाट पाहून ते स्वतःच सांगून टाकत. ती पुतणी म्हणजे मी.

आप्पा माझे थोरले चुलते. वडील मी लहान असताना गेले, तेव्हापासून आई आणि मी त्यांच्याच घरात. उमरग्याच्या बसस्थानकावर ते वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून गाड्या पुकारायचं काम. घरीही ते पुकारल्यासारखंच बोलत. "जेवणाऱ्यांनी ताटावर यावं, भाकरी निवायला लागलीय." मला अमेरिकेत शिकायला जायचा व्हिसा मिळाला त्या दिवशी सोलापूरची गाडी पुकारून झाल्यावर त्याच दमात त्यांनी तीही बातमी माइकवरून सांगितली. वरिष्ठांनी खुलासा मागितला. आप्पांनी तो हौसेनं दिला. "बातमी खरी होती, म्हणून सांगितली. खरं सांगायला लाज कसली?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. दर दोन दिवसांनी कुठल्या तरी निमित्तानं ते निघायचंच.

अमेरिकेत तांत्रिक विषयात पदवी घेतली की परदेशी विद्यार्थ्याला वर्षभर काम करायची परवानगी मिळते. ती पुढं आणखी दोन वर्षं वाढवून घेता येते. पण त्यासाठी नोकरी देणाऱ्या कंपनीनं तिथल्या एका सरकारी व्यवस्थेत नोंदणी केलेली असावी लागते. माझी कंपनी छोटी होती. मालक भला वाटायचा. नोंदणीचं विचारलं की 'पुढच्या आठवड्यात करू' म्हणायचा. मुदत अगदी तोंडावर आली तेव्हा त्यानं, काम तुझं चांगलं आहे, पण मला या भानगडीत पडायचं नाही, असं सरळ सांगितलं. दुसरी नोकरी शोधली, ती मिळाली नाही. मी परत आले.

हैदराबादच्या विमानतळावर आप्पा एकटेच घ्यायला आले होते. निम्मा रस्ता संपेपर्यंत त्यांनी फक्त प्रवासाची चौकशी केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मनू, गावात कुणी विचारलं तर सुट्टीवर आलीय म्हणू. जरा दिवस जाऊ दे."

मी होकार दिला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची जास्त लाज वाटली.

सुट्टी काही संपेना. तेव्हा आप्पांनी सांगितलं की कंपनीनं खूश होऊन ती वाढवली. मग म्हणाले, घरून काम करायची मुभा दिली. दाराची कडी वाजली की मी लॅपटॉप उघडून बसायची. आप्पांनी बसस्थानकाकडं जाणं सोडलं. निवृत्तीनंतरही रोज सकाळी तिथल्या हॉटेलात चहा घेणारा हा माणूस आता मागच्या गल्लीतून दूध आणून गुपचूप घरात शिरायचा. कुणाची लेकरं कुठं असतात हे त्यांना आता विचारायचं नसायचं. जेवताना ते माझ्याकडं बघत नसत. त्यांना माझीच लाज वाटते, अशी माझी खात्री झाली होती. आईलाही तसंच वाटत असावं. पुढं पुढं ती माझं ताट आधी वाढून आतच आणून द्यायला लागली.

एका संध्याकाळी शेखमामू आले. हे आप्पांचे जुने सोबती, त्याच आगारात कंडक्टर होते. सोबत त्यांची मुलगी शबाना. तिला पुण्यात चांगली नोकरी मिळाली होती, आणि अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेशही.

"आप्पा, दोन्ही हातात हाय, एक सोडायचं हाय," मामू म्हणाले. "शिकल्यावर पुढं नोकरी टिकते का तिथं? मनूचं कसं झालं तेवढं सांगा. तुमी म्हणाल तसं करतो."

शबाना माझ्याकडं बघत होती. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "शबाना, आधी एक गोष्ट तपासून..."

"मनू, आत पोह्यांचं बघ जरा," आप्पा म्हणाले. मी उंबऱ्यापाशी पोचले तोवर त्यांचा आवाज मागून आला, तोच जुना, गाड्या पुकारायचा. "न टिकायला काय झालं? परवानगी आपोआप वाढते. मनूची वाढली की. कंपनीच सगळं बघते."

मामू खुशीत उठले. पुण्याच्या नोकरीला उद्याच नकार कळवते, असं शबाना जाताना म्हणाली.

त्यांच्यामागं दार लावून आप्पा तिथंच बसले. मी म्हटलं, "आप्पा, त्या पोरीला खरं सांगायला पाहिजे. तुम्ही सांगणार नसाल तर मी जाते."

"मीच सांगणार," ते म्हणाले. "तू परत आलीस त्याची मला लाज न्हवती, मनू. गावभर मिरवलो, त्याची होती. आन आज त्या लेकराच्या तोंडावर खोटं बोललो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघं शेखमामूंच्या घरी गेलो. मामूंनी खुर्ची पुढं केली, आप्पा बसले नाहीत. "शेखभाई, काल खोटं बोललो. मनूची परवानगी वाढली न्हाय. तिला परत यावं लागलं. सुट्टी-बिट्टी काय न्हाय."

मामूंच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी खाली ठेवला. "गावाला काय बी सांगा, आप्पा. पण माझ्या पोरीच्या बाबतीत बी?"

आप्पा मान खाली घालून उभे राहिले. त्यांना असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला तिथं थांबवेना. शबानानं माझा हात धरला आणि आत नेलं. पुण्याला नकार अजून कळवला नव्हता. तिनं खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. कंपनीची नोंदणी आहे का हे नोकरी घेण्याआधी बघायचं, मालकाच्या गोड बोलण्यावर राहायचं नाही, मुदत संपत आल्यावर जाग येऊन उपयोग नसतो. परत आल्यापासून मी पहिल्यांदाच कुणाशी याबद्दल मोकळं बोलत होते.

तिथून आप्पा घरी वळले नाहीत. बसस्थानकाकडं चालू लागले. हॉटेलात, पानटपरीवर, कंट्रोल रूमच्या खिडकीत ते एकेकाला सांगत गेले. "आमची मनू कायमची परत आलीय. तिच्या कामात खोट न्हवती, परवानगी वाढली न्हाय. सुट्टी म्हणलो ते माझं खोटं होतं." इतक्या हळू आवाजात ते बोलत होते की हॉटेलवाल्यानं दोनदा विचारलं. कुणी नुसतं 'असू द्या' म्हणालं, कुणी पेपरात डोकं घातलं. एकजण हसला, "आमाला वाटलंच होतं." आप्पा त्यालाही 'व्हय' म्हणाले. मी शेजारी उभी होते. माझे कान तापले होते, पण मी हलले नाही.

पुढं मला सोलापुरात नोकरी लागली. शबाना विचार करून, सगळं माहीत करून घेऊन अमेरिकेला गेली. शेखमामू रस्त्यात आप्पांना सलाम करायचे, पण आमच्या घरी चहाला कितीतरी वर्षं बसले नाहीत. आप्पांनी त्यांना कधी आग्रह केला नाही. "त्यांचं बरोबर हाय," एवढंच म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात आप्पा अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. एका दुपारी शेखमामू आले आणि सरळ त्यांच्या खाटेवर बसले.

"आप्पा, शबानाची परवानगी वाढली. आत्ताच फोन आला. अजून घरात बी सांगितलं न्हाय. पहिलं तुमाला."

आप्पांनी मामूंचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही. मामूंनी त्या दिवशी आमच्याकडं चहा घेतला. ते गेल्यावर आप्पांनी मला जवळ बोलावलं.

"शबानाची वाढली म्हणून तुला वाईट वाटलं का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"मला वाटलं थोडं," आप्पा म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्यानंतर आठवडाभरातच ते गेले.