मोटारीची झूल

आमच्या रिठदचे पुंजाजी आधी मारोतरावांची बैलगाडी हाकत. मारोतरावांनी जुनी मोटार घेतली, तेव्हा तेच ड्रायव्हर झाले. उतारावर ते अजून बैलांना आवरावं तसं तोंडाने "हो, हो" म्हणत, आणि मोटार ऐकते असा त्यांचा ठाम समज होता. पोळ्याला त्यांनी तिलाही बैलांच्या रांगेत उभं केलं. त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, अख्खा श्रावण बसून आरशांची झूल शिवली होती. पुंजाजींनी ती मोटारीच्या तोंडाला बांधली.

दुसऱ्या दिवशी मारोतरावांनी मलाही मोटारीत सोबत घेतलं होतं; वाशीमच्या वाटेवर दोनदा इंजीनचं पाणी उकळलं. मारोतराव संतापले. "आता तापली तं तू आपला बैलगाडीवर जाय!"

इंजीन निवल्यावर पुंजाजींनी पाणी भरलं, नळ्या चाचपल्या, पंख्याचा पट्टा ताणून पाहिला. सगळं ठीक होतं. मग इंजीन सुरू करून ते समोर उभे राहिले. पंखा वारा ओढत होता, आणि झूल रेडिएटरच्या जाळीला गच्च चिकटली होती.

"काका, बैलाच्याही नाकावर झूल टाकत होते का तुमी?" मी विचारलं.

"चूप बस," ते म्हणाले. मग हळूच, "लाडापायी दम कोंडला बिचारीचा."

गाठी सोडताना त्यांचे हात रेंगाळले.

"काकूले काय सांगसान?"

"सांगीन, जनावराले पसंत हाये, पन पाठीवर."

वाशीमपर्यंत पाणी उकळलं नाही. झूल मागे बांधलेली होती, आणि पुंजाजी उतारावर "हो, हो" म्हणत होते.