सुया, तुंबड्या आणि हमीदाचं कपाळ

मान धरली की माणसाला इकडेतिकडे बघता येत नाही. मग तो समोरच्याशी बोलत बसतो. शारजातल्या चिनी डॉक्टरणीकडे आम्ही सगळे असेच, माना धरलेले आणि समोरासमोर बसवलेले. किस्से साठणार नाहीत तर काय होईल!

माझ्या समोर हमीदा बसायची. रत्नागिरीची, लेकाचं गॅरेज इथेच इंडस्ट्रियल एरियात. मान अशी आखडलेली की नमाज खुर्चीवर बसून. "एकदा कपाळ जमिनीला टेकू दे गो, मग काय मागायची नाय," एवढंच तिचं म्हणणं. डॉक्टरीण म्हणायची, "स्लोली, मॅडम." हमीदा म्हणायची, "स्लोली स्लोली मी वर पोचायची!"

*

दुखणं मानेचं, पण ही बाई आधी जीभ बघते. एकदा हमीदाने जांभळं आणली होती. दोघींनी मिळून पिशवी संपवत आणली. आत गेलो, जिभा काढल्या. डॉक्टरीण दचकलीच! दोघींच्या नाड्या धरल्या, रक्त साकळलंय म्हणाली, कडू काढा लिहून द्यायला बसली. मी पर्समधून बिया काढून टेबलावर ठेवल्या. तिने उरलेलं जांभूळ मागून घेतलं!

*

पाठीला काचेचे पेले लावले तेव्हा मी म्हटलं, "अगं, ही तर आमच्या गावची तुंबडी!" हमीदा म्हणाली, "आमच्यात हिजामा." दोघी आपलंच खरं करत पालथ्या पडलेल्या. घरी नातवाने पाठीवरचे गोल डाग पाहिले. "आजी, यू लुक लाइक पिझ्झा!"

*

एक पंजाबी ट्रेलरवाला आला. दारात मावेना एवढा! मान एका बाजूला कललेली. डॉक्टरणीने सुई काढली मात्र, गडी ताडकन उठला. "गर्दन ठीक हो गयी जी!" आणि बाहेर.

हमीदा म्हणाली, "बघ, टोचायच्या आधीच गुण!"

*

डॉक्टरीण कसल्याशा पाल्याची विडी पेटवून मानेला धग देते. मला वाटलं, त्यात काय, आपण ओव्याची धुरी घेऊ. घरी तवा तापवला, ओवा टाकला, डोक्यावर चादर घेतली. फायर अलार्म! अख्खी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये. वॉचमन विचारतोय, "आग किधर लगा?" मी मान वर करून आमची बाल्कनी दाखवली.

मुलगा चिडून लाल झाला होता, तो एकदम ओरडला, "आई, मान वर गेली!"

*

मग एके दिवशी सुया काढल्यावर डॉक्टरीण स्वतःच हमीदाला म्हणाली, "टुडे, ट्राय." असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजची वेळ होती. रिसेप्शनवरच्या केरळी पोरीने कोपरा रिकामा करून दिला. हमीदाने जानमाज अंथरला.

ती वाकली. थांबली. अजून वाकली. कपाळ टेकलं!

पण उठेचना. डॉक्टरीण माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. माझा नंबर पुकारला, मी हलले नाही. शेवटी राहवेना. "हमीदा, अडकलीस का गं?"

ती सावकाश उठली, पुन्हा टेकली, पुन्हा तेवढाच वेळ. नमाज संपल्यावर तोंड पुसलं आणि माझ्यावरच डाफरली, "अडकायला काय झालं? केवढं बोलायचं राहिलेलं! तुझा नंबर आला होता ना, मग जायचंस की आत!"