पाठीवरची शिवण

पंचेचाळीस वर्षं मी कपडे शिवले आणि तेवढ्या काळात कागदावर लिहिलं ते फक्त छाती, कंबर, बाही. त्यामुळे बाईंबद्दल नीट लिहिता येईल याची खात्री नाही. पण ज्यांना येतं त्यांनी अजून लिहिलेलं नाही, म्हणून बसलो झालं.

माझ्या दुकानापासून दोन चौक पलीकडे कॉलेज आहे. बाई तिथे शिवणकला शिकवतात. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाईंनी माझ्याकडे चार गाऊन शिवायला टाकले. शिवण शिकवणारी बाई माझ्याकडे कपडे टाकते म्हटल्यावर मी मनातून फुगलोच.

"वेळच नाही हो काका," त्या म्हणाल्या. "मशिनवरचं कव्हर काढून महिना झाला."

मी जीव ओतून गाऊन शिवले. पाठीत मधोमध दुमडून दुहेरी शिवण घातली. कापड फाटेल पण शिवण उसवणार नाही, अशी.

तीन आठवड्यांनी बाई परत आल्या आणि एक गाऊन उलटा करून टेबलावर पसरला. शिवणीलगत खडूची रेघ होती.

"सासूबाईंच्या पाठीवर इथे जखम झालीय. त्यांना सांगता येत नाही. म्हणून काल दुपारी मी हाच गाऊन घालून त्यांच्याशेजारी दोन तास पडून राहिले. अजिबात न हलता."

"मग?"

"चाळीस मिनिटं काही नाही. मग तुमची शिवण लागायला लागली."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी उलट मला दुकानातल्या बाकावर आडवं व्हायला सांगितलं आणि माझाच टेप घेऊन माझं माप घेतलं. मग उभं करून पुन्हा घेतलं. दोन्ही मापं जुळेनात. जन्मभर मी माणसं उभी मोजली होती. पडलेल्या माणसाचं माप वेगळं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

सासूबाई त्यानंतर आठ वर्षं होत्या. बाईंनी त्यांच्यासाठी बगलेतून उघडणारे गाऊन केले, टिचबटणं अंगाखाली येणार नाहीत अशी लावली, शिवणी सगळ्या कडेला नेल्या. जखम भरली ती पुन्हा झाली नाही. मग कुणाचे वडील, कुणाची मावशी, अशी माणसं विचारत येऊ लागली. एकटीने किती शिवणार? म्हणून बाईंनी कॉलेजसाठी नवा अभ्यासक्रम लिहिला: अंथरुणावरच्या माणसाचे कपडे. साठ तासांचा. दोनदा तो परत आला. तिसऱ्यांदा अभ्यास मंडळापुढे ठेवला तेव्हा मंडळात मी होतो. धंद्यातला एक माणूस घ्यावा असा नियम आहे, म्हणून मला घेतलेलं. चहा प्यायचा, सही करायची, यापलीकडे मी तिथे तोंड उघडलेलं नव्हतं.

बाईंनी पहिल्या दहा तासांत सुई-कात्रीचं नावच घेतलं नव्हतं. विद्यार्थ्यांनी आपल्या रोजच्या कपड्यांत खाटेवर पडायचं. दोन-दोन तास, पाच वेळा. हलायचं नाही. उठल्यावर जिथे टोचलं, काचलं, तिथे कपड्यावर खडूने खूण करायची.

"म्हणजे झोपायचे मार्क?" वाणिज्य शिकवणारे सर म्हणाले. "माझ्या वर्गात तर फुकट झोपतात!"

सगळे हसले. बाईही हसल्या.

"तुमच्या वर्गात कूस तरी बदलतात ना, सर. माझ्याकडे तेही नाही."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. "हे पाहा बाई, उरलेल्या पन्नास तासांना माझी ना नाही. हे दहा काढा, आत्ता सही करतो."

मला वाटलं, झालं काम. पाच वर्षं ज्यासाठी खेटे घातले ते हातात आलं होतं. बाईंनी कागद आपल्याकडे ओढला.

"मग सगळाच परत घेते, सर."

"अहो, हट्ट कसला? पाठीवर शिवण घेऊ नका, हे तोंडी सांगायला दोन मिनिटं लागतात!"

"सांगून पाहिलंय."

त्यांनी खुर्चीखालची पिशवी टेबलावर रिकामी केली. शनिवारच्या जादा तासांना त्यांनी आधी अकरा जणींना नुसतं शिकवलं होतं. लेखी परीक्षेत अकराही जणींनी उत्तर बरोबर लिहिलं: पाठीवर शिवण नको. उत्तरपत्रिका समोर होत्या. आणि त्याच मुलींनी पुढच्या आठवड्यात शिवलेले गाऊनही होते. नऊ गाऊनांना पाठीत मधोमध शिवण.

"हाताला सवय असते, सर. डोक्याला कळलं तरी हात ऐकत नाही."

मग त्यांनी दुसरा गठ्ठा सोडला. पुढच्या वर्षीच्या बारा जणी. त्यांना आधी खाटेवर निजवलं होतं. अध्यक्षांनी एकेक गाऊन उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला. बाराच्या बारा पाठी सपाट.

"एकीनेही चूक केली नाही?"

"नाही. आणि या मुलींना मी शिवणीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं."

मी शिकवून तयार केलेले कारागीर डोळ्यांपुढे आले. प्रत्येकाला मी शिवण घालायला शिकवलं होतं, पण ती कुणाच्या अंगाला लागते हे कुणालाच नाही.

"साहेब," माझा आवाज मलाच परका वाटला. "यांच्या सासूबाईंच्या गाऊनला पाठीत शिवण मीच घातली होती. कामात मी कच्चा नव्हतो. दहा तास जास्त नाहीत."

एवढं बोलून मी खाली बघत बसलो. हात वर करायची वेळ आली तेव्हा वाणिज्यवाल्या सरांचा हात माझ्याआधी वर गेला. दहा तासांसकट अभ्यासक्रम मंजूर झाला.

पहिला वर्ग बघायला मी गेलो होतो. वसतिगृहातून आणलेल्या सोळा खाटा. सुरुवातीला खुसखुस चालली होती. पाऊण तासाने ती थांबली. छताकडे बघणाऱ्या चेहऱ्यांवर काहीतरी बदलत गेलं, आणि बाई खाटांमधून हळूहळू फिरत होत्या, कुणालाही काही न सांगता. दोन तास झाले तशी सगळी उठली आणि खडू शोधू लागली.

एक मुलगी मात्र खाटेच्या कडेवर बसूनच राहिली.

"बाई, माझे आजोबा तीन वर्षं पडून आहेत. ते अंगातला शर्ट सारखा ओढत असतात. आम्ही त्यांना ओरडायचो..."

बाई तिच्याशेजारी बसल्या.

"तो शर्ट उद्या घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आपण सुरुवात त्याच्यापासूनच करू."