गीतपुस्तक संपत आलं तेव्हा

रविवारी सकाळी बारामतीच्या स्टँडवरून निघालो. एका पिशवीत चर्चच्या पाळकाचा, म्हणजे माझा, पांढरा झगा, दुसरीत प्रभुभोजनाचं (येशूच्या अखेरच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) सामान. खिशात उपदेशाचा कागद, विषय ‘देवाची वाट पाहणे’. हा विषय मी निवडलाय हे ऐकून बायको पोट धरून हसली होती. दूध उतू जाईल म्हणून मी ते तापायच्या आधीच उतरवतो, असं तिचं म्हणणं.

कळंबपलीकडच्या एका वस्तीवर आमच्या चर्चची दहा-बारा घरांची मंडळी आहे. आठ महिने तिथे पाळकच नव्हता; आता माझी नेमणूक झाली होती. आदल्या दिवशी तिथल्या नव्वदीच्या सारूबाईंचा फोन आला होता. “प्रभुभोजन घेतल्याबिगर डोळं मिटायची न्हाय मी. पर आता लई दीस निघायचं न्हाईत. दहाला या.” तेव्हापासून जिवाला घोर लागला होता.

हंगाम उसाचा. वालचंदनगरच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली आणि एसटी थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. प्रवाशांनी खाली उतरून ऊस सोलायला घेतला. शेजारी बसलेल्या तात्यांनी मलाही एक कांडं दिलं.

“खावा सायेब. घड्याळ बघून ट्रॉली उठत न्हाय.”

“पण किती वेळ लागेल?”

“उठली की उठली.”

हे उत्तर मला झेपलं नाही. पिशव्या उचलल्या आणि तरातरा चालायला लागलो. पंधरा मिनिटांनी मागून हॉर्न वाजला. तीच एसटी! मी हात केला, बोंबललो, पण गाडी काही थांबली नाही. खिडकीतून तात्यांनी मात्र प्रेमाने ऊस हलवला.

मग कालव्याच्या कडेने पायपीट. एका बाईंनी पाणी दिलं आणि सांगितलं, “लिंबापासनं डाव्या अंगाला जावा.” त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी निघालो, उजवीकडे वळलो आणि थेट कुणाच्या तरी गोठ्यात पोचलो. तिथल्या म्हशीलाही माझी कीव आली असावी. परत फिरलो तेव्हा एक वाजून गेला होता.

अखेर चर्चचा पत्रा दिसला आणि गाणं कानावर आलं. दफनाच्या वेळी म्हणायचं गीत होतं ते. सारूबाई गेल्या! माझी वाट पाहत गेल्या. एसटीत गप बसून ऊस खाल्ला असता तर वेळेत पोचलो असतो. रडू आवरेना. रडत रडतच झगा चढवला, तोही उलटा, आणि आत शिरलो.

पहिल्याच रांगेत सारूबाई बसल्या होत्या आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होत्या.

“कोण वारलं?” मी कसंबसं विचारलं.

“कोण न्हाय,” त्या म्हणाल्या. “पाळक येईस्तवर गीतपुस्तक पयल्यापासनं वळीनं म्हणायचं, ही हितली रीत हाय. नाताळाची झाली, कापणीची झाली, लग्नाची झाली. तुमी मरणाच्या पानावर आला, त्याला आमी काय करावं?”

मंडळी खो-खो हसली. मला मात्र पुन्हा रडू आलं, यावेळी आनंदाने.

“आणि पुस्तक संपलं असतं तर?”

“पुन्यांदा पयल्यापासनं. आठ महिनं दर रईवारी म्हनतोय की. पाळक आला न्हाय, म्हनून देव काय घरला गेलता व्हय?”

मी कागद खिशातच ठेवला. उपदेश त्यांनीच केला होता. सारूबाईंनी भाकर घेतली, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, “फुडल्या महिन्यात लवकर या.”

“पण तुम्ही तर डोळे मिटणार होतात?”

“त्याचीबी वाटच बघायची असती, पाळकसायेब. आपल्या हातात हाय व्हय?”

परतीला फाट्यावर तासभर एसटी नव्हती. वीस वर्षं लोकांना देवाची वाट पाहायला शिकवतोय, आणि मी स्वतः नुसतं घड्याळच पाहत आलो, याची लाज वाटली. मग पहिल्या गाण्यापासून सुरुवात केली. माझ्या आवाजाने फाट्यावरचं कुत्रं उठून गेलं. नवव्या गाण्याला एसटी येऊन उभी राहिली.

“चढा की सायेब,” ड्रायव्हर म्हणाला.

“जरा थांबा,” मी म्हणालो, “एवढं कडवं होऊ द्या.”